जंगली टोमॅटोच्या क्रॉसचा लिंकेज मॅप फुगलाय, नाहीतर दोन क्रोमोसोम चिकटलेत? काय काय बघायचं

खरिपाच्या प्लॉटमधल्या पानांचा डेटा परत यायला लागला की दरवर्षी तेच सुरू होतं. "दादा, मॅपची लांबी चार हजार आली", "दादा, बाराऐवजी दहाच ग्रुप पडतायत", "एक नंबर आणि सहा नंबर एकाच ग्रुपात गेलेत, काय करू?" आणि पुढचं वाक्य ठरलेलं, सॉफ्टवेअर बदलून बघू का. बघा की, जॉइनमॅप झालं की आर-क्यूटीएल, ते झालं की लेप-मॅप, पण आत टाकलेलं तेच असेल तर बाहेर वेगळं काय येणार. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायला नको. नवख्यांसाठी एवढंच: लिंकेज मॅप म्हणजे मार्कर (डीएनएतल्या खुणा) क्रोमोसोमवर कोणत्या क्रमाने आणि किती अंतरावर बसलेत त्याचा नकाशा, एकत्र उतरणाऱ्या मार्करचा एक ग्रुप, आणि अंतर मोजायचं सेंटीमॉर्गनमध्ये.

आपल्याकडे हा प्रश्न एवढा का येतो ते उघड आहे. गिरणारे, दिंडोरी, निफाड, सिन्नर, सगळीकडे टोमॅटो, पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला सीझनमध्ये क्रेटच्या थप्प्या लागलेल्या असतात, आणि पांढरी माशी आली की लीफ कर्ल येतोच. त्याला तोंड देणारे बहुतेक जीन्स आपल्या लागवडीच्या टोमॅटोत मुळात नव्हतेच, ते दक्षिण अमेरिकेतल्या जंगली नातेवाइकांकडून आणलेत. टीवाय-१ आणि टीवाय-३ सोलॅनम चिलेन्सकडून, टीवाय-२ हॅब्रोकाइटिसकडून, सूत्रकृमीचा एमआय-१ पेरुव्हियानमकडून. त्यामुळे नाशिकमध्ये ब्रीडिंगचं काम करणारा कोणीही, कंपनीतला असो नाहीतर कॉलेजातला पीएचडीवाला, कधी ना कधी जंगली क्रॉसचा मॅप बनवायला बसतोच. आणि जंगली क्रॉसचा मॅप साध्या क्रॉससारखा गुणी वागत नाही.

आधी "बरोबर" काय दिसतं ते डोक्यात पक्कं करा. टोमॅटोचे क्रोमोसोम १२, म्हणजे ग्रुप १२. टँक्सली आणि मंडळींनी १९९२ साली लागवडीचा टोमॅटो आणि पेनेली (सोलॅनम पेनेली, जंगली टोमॅटो) यांच्या क्रॉसवर हजाराच्या वर मार्करचा मॅप काढला, त्याची लांबी १२७६ सेंटीमॉर्गन होती. तेव्हा तुमचा मॅप १२०० ते १५०० च्या पट्ट्यात असेल तर शांतपणे चहा घ्या. दोन हजारांच्या पुढे गेला तर डेटात काहीतरी घाण आहे, आणि चार हजार आला तर घाणीत थोडा डेटा आहे. उलट सातशे-आठशेच आला तर मात्र वेगळं प्रकरण, त्याचं खाली बोलतो.

यात गोंधळ का होतो सांगतो. जंगली क्रॉसमध्ये दोन प्रकारच्या विचित्र गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे खऱ्याखुऱ्या चुका, नमुना बदलला, रीड (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले डीएनएचे तुकडे) कमी पडले, मार्कर भलत्याच जागी बसला. दुसरी म्हणजे खरं जीवशास्त्र, रेशो बिघडलेले, क्रॉसओव्हर (क्रोमोसोमच्या जोडीतली तुकड्यांची अदलाबदल) दबलेले, तुकडे उलटे बसलेले. पडद्यावर दोन्ही सारखेच वाईट दिसतात. मग घाबरून लोक काय करतात, तर जे काही १:२:१ मध्ये (एफ-टूत अपेक्षित असलेल्या रेशोत) बसत नाही ते सगळं उडवतात, आणि नेमका तोच भाग जातो ज्याच्यासाठी जंगली झाड आणलं होतं. ओळखायची खूण एकच आणि ती पुरते: चूक एकटी असते, जीवशास्त्र शेजाऱ्यांना घेऊन येतं. एकच मार्कर बिघडलाय आणि त्याच्या डावी-उजवीकडचे ठीक आहेत, तर चूक समजा. सलग वीस मार्कर एकाच दिशेने कललेत आणि कल हळूहळू वाढत जाऊन हळूहळू उतरतोय, तर ते खरं आहे, हात लावू नका.

आधी झाडं बघा, मार्कर नंतर

मार्कर फिल्टर करायची सगळ्यांनाच घाई असते, पण पहिली चाळणी झाडांची लावायची. प्रत्येक झाडात हेट (दोन्ही पालकांची एकेक प्रत असलेले मार्कर; दोन्ही प्रती एकाच पालकाच्या तर होमो) किती टक्के ते काढा. एफ-टू (एफ-वन म्हणजे पहिला संकर, तो सेल्फ करून मिळालेली पिढी) असेल तर सरासरी ५० च्या आसपास, बॅकक्रॉसमध्येही (एफ-वन परत एका पालकाशी) ५०. एखादं झाड जवळजवळ शून्यावर आहे आणि सगळीकडे लागवडीच्या आईसारखंच आहे तर बॅकक्रॉस करताना फुलातले पुंकेसर वेळेत काढले गेले नाहीत आणि ते सेल्फ झालंय. ९० च्या वर हेट असेल तर ते एफ-वनचंच रोप, नाहीतर दोन झाडांची पानं एका पाकिटात गेलीत. दोन झाडं एकमेकांशी ९५ टक्के जुळतायत तर ते एकच झाड आहे, दोनदा खुडलेलं. आर-क्यूटीएलमध्ये कम्पेअरजीनो नावाचं फंक्शन आहे, ते दोन मिनिटांत सांगतं.

मग क्रॉसओव्हर मोजा. हा सगळ्यात प्रामाणिक आकडा. मॅप साधारण १२५० सेंटीमॉर्गनचा म्हणजे एका मिओसिसला (पराग किंवा बीजांड बनवणाऱ्या विभाजनाला) सरासरी साडेबारा क्रॉसओव्हर, एफ-टूच्या झाडात दोन्ही बाजूंचे मिळून पंचवीसच्या आसपास. झाडाझाडात फरक पडणारच, कुठे सोळा, कुठे पस्तीस. पण एखाद्यात दीडशे क्रॉसओव्हर दिसले तर त्या झाडाचा डीएनए खराब आहे, दुसरं काही नाही. अशी आठ-दहा झाडं काढून टाकली आणि मॅप परत चालवला की बऱ्याच जणांचं निम्मं दुखणं तिथेच बरं होतं.

डीएनए खराब का निघतो तेही सांगतो कारण ते जंगली रक्ताचंच देणं आहे. पेनेली आणि हॅब्रोकाइटिसच्या पानांवर चिकट केस असतात, त्यातून साखरेसारखं द्रव्य झिरपतं, हात लावला की बोटं काळी-हिरवी होतात आणि वास दिवसभर जात नाही. पांढरी माशी त्यालाच चिकटून मरते, म्हणून तर आपल्याला ते हवंय, पण तोच चिकटा आणि पानातले फेनॉल डीएनएबरोबर खाली येतात, पेलेट (खाली बसलेला डीएनएचा गोळा) तपकिरी दिसतो आणि पुढची एन्झाइम नीट चालत नाहीत. एफ-टूमध्ये काही झाडं चिकट, काही साधी, म्हणजे डेटा खराब होण्याचं प्रमाणसुद्धा सेग्रिगेट होतं! हे लक्षात ठेवा, कारण चिकट झाडांचा डेटा जास्त गाळला गेला तर त्या गुणाभोवतीचा भाग आपोआप एका बाजूला कलतो आणि लोकांना वाटतं डिस्टॉर्शन, म्हणजे रेशोच बिघडलाय. उपाय साधा, अगदी कोवळी पानं घ्या, शेंड्याची, सीटॅबच्या (डीएनए काढायच्या) बफरमध्ये पीव्हीपी टाका, मर्कॅप्टोइथेनॉल कंजूषी न करता टाका, आणि पेलेट तपकिरी असेल तर पुढे पाठवूच नका, परत काढा.

लेबलचं पण बोलूनच टाकू. पॉलिहाउसमध्ये मार्कर पेनने लिहिलेला प्लास्टिकचा टॅग महिनाभरात पांढरा पडतो, ऊन आणि फवारणी दोन्ही मिळून अक्षर खातात, मग ३८ आहे की ८८ यावर वाद. शिसपेन्सिलीने लिहा, नाहीतर पातळ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा. आणि ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये एक रिकामं खानं अशा ठिकाणी ठेवा की प्लेट उलटी फिरली तर कळेल, म्हणजे कोपऱ्यात ठेवलंत तर मधल्या कुठल्यातरी खान्यात अजून एक ठेवा. दोन्ही पालक आणि एफ-वन प्रत्येक प्लेटमध्ये हवेतच.

इथे एक गंमत आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. झाडांची नावं आपापसात बदलली तरी लिंकेज मॅप बिघडत नाही! मॅपला झाडाचं नाव माहीतच नसतं, तो फक्त एकाच डीएनएमधले मार्कर एकमेकांशी ताडतो. म्हणून "मॅप मस्त आला पण एकही क्यूटीएल (गुणाशी जोडलेली जागा) सापडत नाही" अशी तक्रार असेल तर मॅपशी भांडू नका, लेबल आणि प्लेट तपासा. मात्र अर्धे मार्कर एका प्लेटमधून आणि उरलेले अर्धे, समजा जुने एसएसआर (मार्करचा जुना प्रकार), दुसऱ्या उलट्या फिरलेल्या प्लेटमधून आले असतील तर मॅपही फुटतो, तोच क्रोमोसोम दोन ग्रुप बनून समोर येतो, एकात सगळे एसएसआर, दुसऱ्यात सगळे एसएनपी (डीएनएच्या एका अक्षराच्या फरकाचे मार्कर). असा नमुना दिसला की समजायचं.

फुगलेला मॅप

आता मुख्य दुखणं. मॅप फुगतो तो नव्वद टक्के वेळा एकट्या-दुकट्या चुकीच्या जीनोटाइपमुळे. एका झाडात सलग ए-ए-ए-ए (ए लागवडीच्या पालकाचा, बी जंगलीचा) असताना मधेच एक बी आला तर सॉफ्टवेअरला तिथे दोन क्रॉसओव्हर दिसतात, एक जाताना एक येताना. बॅकक्रॉसमध्ये मार्करमागे एक टक्का चूक असेल तर प्रत्येक मार्कर मॅपमध्ये साधारण २ सेंटीमॉर्गन फुकटचे घालतो. ९०० मार्कर असतील तर १८०० सेंटीमॉर्गन नुसत्या हवेचे. म्हणून मार्कर जितके जास्त तितका मॅप लांब, हे लक्षण दिसलं की निदान झालंच म्हणा. ताडून बघायला मार्कर निम्मे करा, रँडम उडवा, आणि मॅप परत काढा. खरा मॅप असेल तर लांबी जवळपास तेवढीच राहते. निम्मी झाली तर ती चुकांची लांबी होती.

जीबीएस किंवा तसला कमी खर्चाचा सिक्वेन्सिंग डेटा असेल आणि पॉप्युलेशन एफ-टू असेल तर सगळ्यात मोठा चोर हेट आहे. हिशोब करून बघा. हेट जागेवर दोन्ही प्रकारचे रीड यायला हवेत, पण रीड एकूण तीनच असतील तर तिन्ही एकाच बाजूचे येण्याची शक्यता २५ टक्के. चार रीडला साडेबारा टक्के, पाच रीडला सव्वासहा, आठ रीडला एक टक्क्याच्या खाली. एफ-टूमध्ये निम्मी झाडं हेट, म्हणजे तीन रीडवर दर आठ जीनोटाइपमागे एक चुकीचा. दोन शेजारच्या मार्करमध्ये खरं अंतर शून्य असलं तरी तिथे दहा-बारा सेंटीमॉर्गन उभे राहतात. असे हजार मार्कर घेऊन बसलात तर मॅप सिन्नरच्या घाटासारखा लांबच लांब होणार, त्यात सॉफ्टवेअरचा काय दोष.

उपाय दोन. एक, आठपेक्षा कमी रीड असलेला होमो "माहीत नाही" म्हणून टाका, रिकामी जागा चुकीच्या उत्तरापेक्षा कधीही बरी. पण हे केलं की डेटात इतकी भोकं पडतात की लोक घाबरतात आणि परत तीन रीडवर येतात. म्हणून दुसरा उपाय जास्त चांगला: एकेका मार्करकडे बघणं सोडा, दहा-पंधरा शेजारचे मार्कर एकत्र धरून त्या तुकड्याचा जीनोटाइप ठरवा. तुकड्यात थोडे रीड ए चे, थोडे बी चे, तर हेट, मग त्यातला एकेक मार्कर काहीही म्हणो. एफ-टूमध्ये एवढ्याशा जागेत क्रॉसओव्हर व्हायची शक्यताच नगण्य असते म्हणून हे चालतं. हे करताना जेनोमचं एकच व्हर्जन वापरा हे सांगायला नको खरं, पण सांगतो, कारण एसएल २.५० च्या जागा आणि एसएल ४.० च्या जागा एकाच शीटमध्ये मिसळलेल्या मी वारंवार बघतो आणि मग मार्करचा क्रम वेड्यासारखा उड्या मारताना दिसतो.

एक काम हाताने कराच, कितीही मोठा डेटा असो. एका क्रोमोसोमची शीट उघडा, झाडं आडवी, मार्कर उभे, ए ला पिवळा, हेटला राखाडी, बी ला हिरवा रंग द्या आणि नुसतं बघत बसा. खरी झाडं लांब लांब पट्ट्यांची दिसतात, डावीकडून पिवळी पट्टी, मग राखाडी, उजवीकडे परत पिवळी. एखाद्या उभ्या रेषेत सगळीकडे भलत्याच रंगाचे ठिपके दिसले तर मार्कर वाईट, काढा. एखाद्या आडव्या रेषेत दिसले तर झाड वाईट, काढा. राखाडी पट्टीत पिवळे ठिपके खूप आणि हिरवे कमी असतील तर तो वेगळा आजार, जंगली रीड रेफरन्सवर बसत नाहीयेत. हाइन्झ १७०६ हा लागवडीचा टोमॅटो, २०१२ ला त्याचाच जेनोम आधी आला, आणि पेनेलीचा रीड त्याच्यावर ताडताना जास्त फरक असला की अलाइनर (रीड जेनोमवर बसवणारा प्रोग्रॅम) तो टाकून देतो. मग हेट जागी फक्त लागवडीचे रीड उरतात. पेनेलीचा जेनोम २०१४ ला आलाय, एलए ७१६ या नमुन्याचाच, तर दोन्हींवर अलाइन करून जुळणारेच मार्कर ठेवा, निदान अलाइनरची सवलत थोडी वाढवून बघा.

मॅपिंग फंक्शनवर (रिकॉम्बिनेशनच्या टक्क्यांवरून सेंटीमॉर्गन काढायच्या सूत्रावर) खापर फोडू नका. कोसंबी घ्यायचं की हाल्डेन हा वाद पुण्या-नाशकात जरा जास्तच रंगतो, कोसंबी आपले म्हणून असेल, फर्ग्युसनला गणित शिकवत असतानाच चाळीसच्या दशकात त्यांनी ते सूत्र दिलं. पण आकडे बघा: रिकॉम्बिनेशन ५ टक्के असेल तर हाल्डेनने ५.३ सेंटीमॉर्गन, कोसंबीने ५.०. काय फरक पडतो? ३० टक्क्यांना मात्र हाल्डेन ४५.८ आणि कोसंबी ३४.७. म्हणजे फरक फक्त मोठ्या रिकाम्या जागांत पडतो. दाट मार्कर असताना फंक्शन बदलून तुमची लांबी दुप्पट-निम्मी होत असेल तर तुमचे शेजारी मार्कर शेजारी नाहीतच. कोसंबीच वापरा आणि पुढे चला.

दोन क्रोमोसोम एका ग्रुपात

यावर जरा थांबतो, कारण इथे चूक नसतानाही उत्तर चुकतं. जंगली क्रॉसमध्ये रेशो बिघडतातच. परागकण नाकारले जातात, काही गॅमीट (पराग-बीजांडातल्या पेशी) मरतात, काही बिया रुजतच नाहीत. एकतर्फी न जुळणं हे तर टोमॅटोतलं जुनं प्रकरण, लागवडीचं झाड आई आणि जंगली बाप हे जमतं, उलटं केलं तर जंगली झाडाची कुक्षी लागवडीचा पराग अडवते. पेनेलीच्या परागात हा अडथळा पार करायला लागणारे घटक १, ६ आणि १० नंबरच्या क्रोमोसोमवर सापडलेत. मग निवड कुठे आणि कुणाच्या बाजूने होते ते क्रॉस कसा केला यावर ठरतं. म्हणून मला मॅप दाखवायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, आई कोण होती.

आता बघा काय होतं. समजा बॅकक्रॉसची १५० झाडं आहेत, आणि दोन वेगवेगळ्या क्रोमोसोमवरचे दोन मार्कर, दोघांचा काही संबंध नाही, पण दोन्ही जागी निवडीमुळे ८० टक्के हेट, २० टक्के होमो झालेत. मग निव्वळ योगायोगाने दोन्ही सारखे असण्याचं प्रमाण किती, ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ६८ टक्के. सॉफ्टवेअरला यात ३२ टक्के रिकॉम्बिनेशन दिसतं आणि त्याचा लॉड स्कोअर (लिंकेज असल्याच्या पुराव्याचा आकडा) येतो ४.३. आपण काय शिकलोय, लॉड ३ च्या वर म्हणजे लिंकेज. झालं, दोन क्रोमोसोम चिकटले. डेटात एकही चूक नाही, आणि निष्कर्ष साफ खोटा.

सॉफ्टवेअर ५०:५० गृहीत धरून बसलेलं असतं, म्हणून हे होतं. त्यामुळे ग्रुप पाडताना स्वातंत्र्याची चाचणी वापरा, जॉइनमॅपमध्ये इंडिपेंडन्स लॉड म्हणून पर्याय आहे, तो बिघडलेल्या रेशोला फसत नाही कारण तो जे प्रमाण प्रत्यक्ष आहे त्यावरूनच अपेक्षा काढतो. वरच्या उदाहरणात त्याचं उत्तर शून्याच्या जवळ येतं. ते जमत नसेल तर लॉडची मर्यादा ३ वरून ८-१० पर्यंत चढवत न्या आणि ग्रुप कुठे सुटतात ते बघा, खरे शेजारी दहालाही सुटत नाहीत. आणि खरं सांगू का, आता प्रत्येक एसएनपीची जागा जेनोमवर माहीत आहे, मग सुरुवातीला ग्रुप पाडायचा हट्टच कशाला? क्रोमोसोमनुसार वेगळे करा, आतला क्रम डेटाला ठरवू द्या, आणि जे मार्कर आपल्या क्रोमोसोमवर कोणाशीच जुळत नाहीत तेवढेच मोकळे सोडून कुठे जातात बघा.

रेशो बिघडलेले मार्कर काय-स्क्वेअर (अपेक्षित रेशोशी ताडायची चाचणी) लावून सरसकट उडवायचे ही मार्गदर्शकांची आवडती सूचना आहे, आणि मला ती पटत नाही. १००० मार्करवर ५ टक्क्यांची पातळी लावली तर ५० मार्कर काहीच बिघडलेलं नसताना जाणार, आणि दुसरीकडे गॅमीट मारणारा खरा पट्टा पूर्ण पुसला जाणार, तिथे मॅपमध्ये मोठं भगदाड. काय-स्क्वेअर काढा जरूर, पण त्याचा क्रोमोसोमवर आलेख काढा. डोंगरासारखा चढ-उतार असेल तर ठेवा. एकटा खांब उभा असेल तर पाडा.

एकावर एक बसलेले मार्कर, आखडलेला मॅप

हा फुगण्याच्या उलट. पन्नास मार्कर एकाच बिंदूवर, क्रम लागतच नाही, प्रत्येक वेळी वेगळा. यात दोन कारणं बघायची. पहिलं सगळीकडेच असतं: टोमॅटोच्या जेनोमचा साधारण तीन चतुर्थांश भाग सेंट्रोमिअरभोवतीच्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये (घट्ट गुंडाळलेल्या डीएनएत) आहे आणि तिथे क्रॉसओव्हर जवळपास होतच नाहीत. म्हणजे क्रोमोसोमची कित्येक मेगाबेस लांबी मॅपवर दोन-तीन सेंटीमॉर्गनमध्ये बसते. हा दोष नाही. तिथला एक मार्कर ठेवा, बाकीचे त्याच्या नावाखाली बांधून ठेवा, क्रम जेनोमवरून घ्या.

दुसरं कारण जंगली क्रॉसचं खास: तुकडा उलटा बसलेला असणं. चिलेन्समधून आलेल्या टीवाय-१ च्या भागात, ६ नंबरवर, क्रॉसओव्हर दबलेले आहेत आणि त्यामागे उलटे तुकडे सापडलेत. हॅब्रोकाइटिसच्या टीवाय-२ ला ११ नंबरवर तेच. पेरुव्हियानमच्या एमआय-१ जवळही तेच. लायकोपर्सिकॉइडीस वापरत असाल तर १० नंबरची लांब बाजू. एका पालकात तुकडा सुलट आणि दुसऱ्यात उलट असला की एफ-वनमध्ये तिथे झालेल्या क्रॉसओव्हरची पिलावळ जगत नाही, म्हणून पूर्ण तुकडा एकगठ्ठा उतरतो. इथे लोक मॅपला दोष देतात, मार्कर बदलतात, सिक्वेन्सिंग परत करतात, आणि प्लॉटवर मात्र "टीवाय-१ घेतला की फळ लहान होतंय" ही तक्रार चालूच असते, कारण प्रतिकारशक्तीच्या शेजारी असलेला नको तो जीन सुटतच नाही.

जंगली बाप नक्की कोणता होता

हे शेवटी लिहितोय पण महत्त्वाने शेवटचं नाही. एलए ७१६ हे पेनेली सेल्फ होणारं आहे म्हणून त्याचं कुठलंही झाड घेतलं तरी चालून जातं. पण चिलेन्स, पेरुव्हियानम, बरेचसे हॅब्रोकाइटिस स्वतःचा पराग घेत नाहीत, म्हणजे डेव्हिसच्या रिक सेंटरमधून आलेलं एकच पाकीट पेरलं तरी प्रत्येक रोप वेगळं, आणि प्रत्येक रोप आतून हेट. क्रॉस केला एका झाडाशी, ते उन्हाळ्यात वाळलं, आणि "पालक" म्हणून डीएनए दिला त्याच पाकिटातल्या दुसऱ्या झाडाचा, हे सर्रास चालतं. मग काही मार्करमध्ये ए आणि बी उलटे लागतात, रिकॉम्बिनेशन ५० टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं, जे शक्यच नाही, आणि काही मार्कर पालकांत वेगळे पण संततीत वेगळे नाहीतच. ज्या झाडाचा पराग घेतला त्याचंच पान त्याच दिवशी खुडून फ्रीजरला टाका. ते झाड गेलं असेल तर पालकाचा डेटा बाजूला ठेवा, एफ-वनमध्ये हेट असलेलेच मार्कर घ्या आणि लागवडीच्या पालकावरून दुसरी बाजू ठरवा. आणि वेगवेगळ्या एफ-वन झाडांची बी एकत्र करू नका, प्रत्येक एफ-वन म्हणजे वेगळं कुटुंब, एकत्र केलं की एकाच मार्करला दोन कुटुंबांत दोन अर्थ लागतात.

एवढं सगळं करूनही मॅपची बारीकता पुरत नसेल तर अजून मार्कर मागवायच्या आधी झाडं मोजा. १०० एफ-टू झाडं म्हणजे २०० मिओसिस, म्हणजे अर्ध्या सेंटीमॉर्गनच्या खाली तुम्हाला काहीच दिसू शकत नाही, मार्कर दहा हजार टाका नाहीतर दहा लाख. आणखी झाडं हवीत, आणि ती एप्रिल-मे सोडून लावा, नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की पराग वांझ होतो, फळ धरत नाही, आणि जी मोजकी फळं धरतात त्यांच्या बियांत उष्णता सोसणाऱ्या परागाचीच निवड झालेली असायची भीती असते. उलट्या तुकड्यात अडकला असाल तर झाडं वाढवूनही फायदा नाही, तिथे दोन्ही पालक जंगलीच घ्यावे लागतात, एक प्रतिकारक आणि एक रोगाला बळी पडणारा, दोघांत तुकडा एकाच दिशेने बसलेला. एमआय-१ चा भाग पेरुव्हियानमच्याच आतल्या क्रॉसमध्ये मोकळा झाला, लागवडीच्या क्रॉसमध्ये तो सुटत नव्हता. चिलेन्स किंवा हॅब्रोकाइटिसचं असं जोडपं शोधायचं तर दोघांचाही त्या भागातला जेनोम आधी जुळवून बघा, मग क्रॉस करा. तसला क्रॉस वाढवायला जागा, वेळ आणि डास-माशीची जाळी, तिन्ही जास्त लागतात, तेव्हा पुढच्या खरिपाचं बजेट मांडताना सिक्वेन्सिंगच्या रकान्यातले थोडे पैसे नेटहाउसच्या रकान्यात टाका.